भाकरीनंतर लगेच ऋण

प्रभूची प्रार्थना म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. दौंडपासून नगरपर्यंत कुठल्याही चर्चमध्ये रविवारी ती नीट कान देऊन ऐकावी. पहिली हाक सगळी मंडळी सावकाश, एका आवाजात मारते. पुढे देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा हे तीन टप्पे एका दमात उरकले जातात. भाकरीपाशी आवाज थोडा खाली येतो. मग ऋणाचं वाक्य येतं: जसं आम्ही आमच्या देणेकऱ्यांना सोडलं आहे, तसं तू आमचं ऋण सोड. ते लांब आहे, त्यात जसे-तसेचा पेच आहे, आणि तिथे मंडळी हमखास विस्कटते. म्हातारी माणसं मागे राहतात, पोरं पुढे पळतात, कुणी शब्दच गिळून टाकतं. ‘आमेन’ला मात्र सगळे पुन्हा एकत्र येतात, आणि तेही चांगले जोरात. जिथे मंडळी विस्कटते तिथेच या प्रार्थनेचा जीव आहे, असं माझं मत आहे.

इतक्या ओळखीच्या मजकुराचं रसग्रहण कशाला करायचं, असं कुणी विचारेल. पण पाठ झालेला मजकूर माणूस पुन्हा कधी वाचत नाही, हीच तर अडचण आहे. पसायदानाचंही तसंच झालंय. ज्ञानेश्वरांनी ते नगर जिल्ह्यातच, नेवाशाला, मागितलं. आज शाळेत ते सुरू झालं की निम्म्या पोरांचं लक्ष दप्तराकडे असतं. प्रभूच्या प्रार्थनेच्या बाबतीत हा प्रकार जास्तच बोचतो, कारण ती शिकवलीच गेली पोपटपंचीवर उतारा म्हणून. मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून पाहा. डोंगरावरच्या प्रवचनाच्या मधोमध येशू आधी बजावतो, की लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, आणि फार बोललं म्हणजे देव ऐकतो अशा समजुतीने बडबडत बसू नका. मग ही चार-पाच ओळींची प्रार्थना देतो. उतारा म्हणून दिलेली तीच गोष्ट पुढे जगभर सर्वांत जास्त बडबडली गेली. मार्टिन ल्यूथरने 1535 साली पीटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. जगात या प्रार्थनेइतकं हौतात्म्य कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही, असा त्रागा त्याने त्यात केला आहे. लोक रोज तिचा छळ करतात, असं त्याचं म्हणणं.

त्याच अध्यायात आणखी एक गंमत आहे, ती पटकन लक्षात येत नाही. येशू सांगतो की खोलीत जा, दार लावून घे आणि मग प्रार्थना कर. म्हणजे माणूस एकटा आहे. पण त्या एकट्याच्या तोंडी जी प्रार्थना दिली तिच्यात ‘मी’ कुठेच नाही. आमचा बाप, आमची भाकर, आमची ऋणं. बंद दाराआड बसलेल्या माणसाला सगळ्यांना बरोबर घेतल्याशिवाय पहिला शब्दही उच्चारता येत नाही. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीसारख्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी. अशा गावात संध्याकाळच्या भक्तीला एखाद्या घरात आजी आणि नात दोघीच बसल्या, तरी त्यांना ‘आम्हांला’ म्हणावं लागतं. त्या ‘आम्ही’त शेजारची वस्ती धरायची की नाही, गाव धरायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. प्रार्थना तिथे कुंपण घालत नाही.

आता बांधणीकडे येऊ. मुळातल्या ग्रीक मजकुरात पहिल्या तीन मागण्या सुट्या आहेत. त्यांना जोडणारं ‘आणि’ नाही. घणाचे तीन घाव पडावेत तशा त्या येतात, आणि तिन्ही ठिकाणी क्रियापद आघाडीला आहे. भाकरीपाशी चाल बदलते. तिथे क्रियापद मागे जातं आणि भाकरी वाक्याच्या तोंडाशी येऊन बसते. सगळ्या प्रार्थनेत एवढा मान दुसऱ्या कुठल्याच वस्तूला मिळालेला नाही. त्यानंतर मात्र ‘आणि’ची साखळी लागते. भाकर दे, आणि ऋण सोड, आणि परीक्षेत नेऊ नकोस. म्हणजे भाकर, ऋण आणि परीक्षा या तीन वेगळ्या मागण्या नाहीत, एकाच माळेचे मणी आहेत. उरकून म्हणताना नेमकं हेच निसटतं.

मराठीत क्रियापद शेवटी जातं, त्यामुळे ही उलथापालथ आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो तोटा आहेच. पण मराठीने एक वेगळीच गोष्ट पदरात टाकली आहे. पहिल्या तीन मागण्या मराठीत ‘जावो’, ‘येवो’, ‘होवो’ अशा संपतात. आपण लग्नात, बारशाला, निरोप देताना जो आशीर्वाद देतो त्याचं हेच रूप. त्यामुळे मराठी माणूस ही प्रार्थना म्हणतो तेव्हा क्षणभर असं वाटतं की तोच देवाला आशीर्वाद देतो आहे. तुझं बरं होवो, तुझं राज्य येवो! मग भाकरीपाशी आशीर्वादाचा सूर संपतो आणि सरळ ‘दे’ येतं. मोठ्या माणसाची विचारपूस करून झाल्यावर पोराने हळूच हात पुढे करावा तसा हा बदल आहे, आणि मला तो फार आवडतो.

मराठीत ही प्रार्थना एका वाटेने आलेली नाही. 1579 साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. नगर भागात अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. आणि काष्टीच्या दृष्टीने सांगायचं तर भीमेच्या पलीकडे, दौंडहून पुण्याकडे जाताना जे केडगाव लागतं, तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल नव्याने मराठीत आणलं. पंडिती मराठी त्यांना येत होती, आणि तीच त्यांना नको होती. दुष्काळात वाचवून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना ऐकता क्षणी कळावी अशी भाषा त्यांना हवी होती. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, बायबल 1924 साली बाहेर पडलं. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. त्यांतल्या कित्येक जणी भुकेच्या दारातून तिथे आल्या होत्या. भाकरीची मागणी त्यांना कुणी समजावून सांगावी लागली असेल असं वाटत नाही.

भाकरीपाशी जरा बसू या. नगर जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती घराणी महार आणि मांग समाजांतून आली. जुन्या गावगाड्यात येसकराची पाळी ज्या घराकडे असे, त्या घराला संध्याकाळी गावभर फिरून भाकरी मागून आणावी लागे. कागदोपत्री तो हक्क होता. प्रत्यक्षात दाराबाहेर लांब उभं राहायचं, हाळी द्यायची, टोपलीत पडेल ते घ्यायचं आणि ताजं की शिळं हे विचारायचं नाही. ही वतनं मुंबई राज्यात 1958 च्या कायद्याने रद्द झाली, म्हणजे ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं अशी माणसं अगदी अलीकडेपर्यंत आपल्यात होती. आता विचार करा, अशा घरात कुणीतरी पहिल्यांदा ही प्रार्थना म्हटली असेल. रोजची भाकर मागायची तर तीच, रोजच्यासारखीच. पण कुणाच्या दाराशी उभं न राहता, खाली मान न घालता, बापाजवळ लेकराने मागावी तशी. पाटलाच्या आणि येसकराच्या भाकरीचा मालक एकच निघाला. प्रवचनांमधून समतेवर जे तासन्‌तास सांगितलं जातं, ते या एका मागणीत आधीच येऊन गेलं आहे.

1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर या जिल्ह्यात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, आणि तेव्हापासून एक टोमणा चालत आला आहे की हे लोक पोटासाठी बाटले. या टोमण्याला उत्तर देताना पुष्कळ ख्रिस्ती मंडळी अवघडतात, श्रद्धेचे दाखले देऊ लागतात. मला तर वाटतं, अवघडायचं काही कारण नाही. ज्याने ही प्रार्थना शिकवली त्याने पोट मध्यभागी ठेवलं. देवाच्या राज्याची आणि इच्छेची गोष्ट काढून झाली की तो पापाकडे जात नाही, स्वर्गाकडेही जात नाही. आधी भाकरीकडे येतो. पोटासाठी देवाकडे जाण्यात लाज नाही, हे त्याने आपल्या मांडणीतून सांगून ठेवलं आहे. पसायदानात ज्याला जे हवं ते मिळो असं मोकळं मागणं आहे, कोरा कागदच तो. इथे कागद कोरा नाही. वस्तूचं नाव लिहिलेलं आहे आणि मुदतही लिहिलेली आहे: आज.

‘आज’ची ही मर्यादा काष्टीच्या परिसरात चांगलीच जाचते. श्रीगोंदा तालुका मुळात पावसाच्या छायेतला. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी इथे ऊस आणला, आणि उसाबरोबर उद्याचा हिशोब आला. ऊस घेणारा वर्षाचं गणित करतो, बँक त्याहून लांबचं करते. गाळप हंगाम लागला की फडांच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत राहायला येणारी नवरा-बायकोची जोडी हिशोबात एक ‘कोयता’ म्हणून धरली जाते, आणि त्या कोयत्याने मुकादमाकडून हंगामाआधीच ‘उचल’ घेतलेली असते. उचल म्हणजे उद्याची भाकर काल खाऊन बसणं. लग्न असतं, दवाखाना असतो, आधीच्या वर्षीचं फिटलेलं नसतं. मग पुढचे काही महिने माणूस भाकरीसाठी राबत नाही, ऋणासाठी राबतो.

प्रार्थनेतली भाकर आणि ऋण एका ‘आणि’ने का बांधली आहेत, ते या कोपीत शिरल्याशिवाय कळत नाही. ज्याच्याकडे आजची भाकर नसते तो कर्ज काढतो. कर्ज काढलेल्याची उद्याची भाकर दुसऱ्याच्या हातात जाते. आणि ज्याची भाकर दुसऱ्याच्या हातात आहे त्याची परीक्षा रोजच चाललेली असते; खोटं बोलण्याची, पळून जाण्याची, दारूची, दोरीचीसुद्धा. पहिल्या शतकातल्या गालिलातला कुळवाडीही याच चक्रात होता. येशूच्या दाखल्यांत सावकार, कारभारी, देणेकरी आणि रोजंदारीची माणसं सारखी येतात ती उगीच नाहीत. पापक्षमेचा अर्थ या वाक्यात आहेच, लूकच्या पाठात तर पाप हा शब्दच येतो, आणि कॅथलिक उपासनेत मराठीतही अपराध आणि क्षमा असंच म्हणतात. पण मत्तयाने ऋण म्हटलं आहे, आणि ते केवळ रूपक म्हणून वाचलं की वाक्य निम्मं होतं.

आता त्या जसे-तसेकडे. ग्रीकमध्ये देवाकडची मागणी आधी येते आणि माणसाची बाजू मागून. मराठीच्या जुन्या वळणात ‘जसे’ आधी आणि ‘तसे’ मागून येतं, त्यामुळे क्रम फिरला आहे. आधी आपण आपल्या देणेकऱ्यांना सोडल्याचं सांगायचं, तेही झालेल्या गोष्टीसारखं, आणि मगच देवाकडे तोंड उघडायचं. अटीचा भाग पुढे आला आणि म्हणणाऱ्याची पंचाईत झाली. बाकी सगळ्या मागण्यांत माणूस नुसता हात पसरतो. इथे एकाच ठिकाणी त्याला स्वतःबद्दल काहीतरी विधान करावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. दर रविवारी इतकी माणसं एकसाथ खोटं बोलतात ती हीच जागा. मंडळीचा आवाज इथे विस्कटतो तो वाक्य लांब आहे म्हणून, हे मान्य. पण नुसतं तेवढंच कारण आहे का?

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या लोकांना माहीत आहे. जुना हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, खिल्लार जोडीचा भाव तोंडाने बोलत नाही. घेणाऱ्याचा हात तो हातात घेतो, वर उपरणं किंवा रुमाल टाकतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. चारचौघांत उभं राहूनही व्यवहार दोघांतच राहतो. आपलं येणं-देणं माणूस असंच झाकून ठेवतो. भावाने बांध कोरला, चुलत्याने उतारा फिरवला, मेहुण्याने उसने नेले ते परत दिले नाहीत, अमक्याने भर मांडवात काय म्हटलं, सगळं रुमालाखाली. हे वाक्य तो रुमाल काढायला लावतं. नाव उघड सांगायचं नाही, पण ‘सोडलं आहे’ हे मात्र सगळ्यांच्या देखत म्हणायचं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांनीच क्षमेची भाषा का बोलायची? कोयत्याने मुकादमाला काय सोडायचं? मला वाटतं, इथे क्रम पुन्हा मदतीला येतो. देवाचं राज्य येवो आणि पृथ्वीवर त्याच्या मनासारखं होवो, हे मागणं आधी होऊन गेलं आहे, आणि ते मोठं न्यायाचं मागणं आहे. क्षमा त्याच्यानंतर येते, त्याच्याऐवजी येत नाही. शिवाय ऋण सोडणं हे ज्याच्याकडे येणं आहे त्याचं काम. उपाशी माणसाला गप्प बसवण्यासाठी हे वाक्य कुणी वापरत असेल, तर त्याने आधी स्वतःची वही उघडावी.

परीक्षेच्या मागणीवर मी फार थांबत नाही. देव माणसाला परीक्षेत नेतो का, यावर विद्वान भांडत आले आहेत. पोप फ्रान्सिस यांनी 2017 साली त्या शब्दरचनेबद्दल जाहीर नापसंती दाखवली आणि पुढे इटालियन मिस्सेतला मजकूर बदललाही. काष्टीच्या आजीला हा प्रश्न पडत नसावा. पोरगा दौंडला गाडी पकडून पुण्याला निघाला की ती त्याच्यासाठी नेमकं हेच मागते.

शेवटचा गौरवाचा भाग, राज्य आणि पराक्रम तुझाच म्हणणारा, मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. प्रॉटेस्टंट मंडळी तो प्रार्थनेतच म्हणतात. कॅथलिक मिस्सेत तो फादरांच्या मधल्या प्रार्थनेनंतर येतो, आणि रोझरीत येतच नाही. म्हणजे रोझरी म्हणणाऱ्याची प्रार्थना वाइटापासून सुटका मागून एकदम थांबते. मला हा तुटका शेवट जास्त खरा वाटतो. गौरवाने शेवट गोड होतो आणि मधलं ऋण विसरायला सोपं जातं.

आता सवयीचं. ‘डिडाखे’ नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असं सांगितलं आहे. तेव्हा रोज म्हणणं ही काही नंतरच्या आळशी काळाची देणगी नाही. प्रश्न रोज म्हणण्याचा नाही, रोज कशी म्हणावी याचा आहे. इग्नेशियस लोयोला यांनी दोन साध्या रीती सांगून ठेवल्या आहेत. एका रीतीत पहिल्या शब्दावर थांबायचं, आणि त्यात अर्थ, गोडी, समाधान मिळत राहील तोवर पुढे जायचं नाही. वेळ संपली तर उरलेली प्रार्थना नेहमीसारखी म्हणून टाकायची. दुसऱ्या रीतीत एका श्वासाला एक शब्द. आपल्याकडे रसग्रहण म्हणतात ते या पहिल्या रीतीहून फार वेगळं नाही. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ बाई कुठल्या चर्चची सभासद नव्हती. 1941 च्या शरदात दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षतोडणीच्या कामावर असताना ती हीच प्रार्थना ग्रीकमध्ये म्हणत असे. पुढे तिने रोज सकाळी एकदाच, पण पूर्ण लक्ष देऊन म्हणायचा नेम धरला. मधे कुठे लक्ष तसूभर ढळलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वेलबाईंचा नेम मला कडक वाटतो. फडावर जायच्या घाईत, धार काढायच्या वेळेला तो जमणारा नाही. इग्नेशियसची रीत जमण्यासारखी आहे, फक्त थांबायची जागा रोज पहिलीच असायला नको. आज ‘आमचा’वर थांबा, उद्या ‘आज’वर. आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी बाजाराहून आल्यावर, देण्याघेण्याचे आकडे डोक्यात ताजे असतात तेव्हा, ऋणाच्या वाक्यावर. तिथे एक नाव मनात येतंच. ते येऊ द्या. सुटत नसेल तर ‘सोडलं आहे’ म्हणू नका, गप्प राहा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच थांबा. यानेही माणूस सुधारेलच असं नाही. ल्यूथरने ज्याच्यासाठी एवढं सुरेख पुस्तक लिहिलं त्या पीटर न्हाव्याने त्याच वर्षी जेवणाच्या पंगतीत, दारूच्या नशेत, स्वतःच्या जावयाला भोसकून मारलं. ल्यूथरने रदबदली केली म्हणून फाशी टळली आणि हद्दपारीवर भागलं.

मत्तयाच्या त्या अध्यायात प्रार्थना तेराव्या वचनाला संपते. येशू मात्र तिथे थांबत नाही. झालेल्या सगळ्या मागण्यांपैकी एकीकडेच तो परत वळतो आणि चौदावं, पंधरावं अशी दोन्ही वचनं तिच्यावर खर्च करतो. ती मागणी ऋणाची आहे.